शेगडी का विझते

३ जानेवारी १९७४, गुरुवार

बॉयलरवर काम करणाऱ्याला वहीची सवय असते. दर तासाला दाब किती, पाणी किती, कोळसा किती पडला, सगळं लिहायचं. म्हणजे बिघडलं तर कुठे बिघडलं ते मागे जाऊन सापडतं. घरासाठी अशी वही मला पंचावन्न वर्षांत लागली नव्हती. आजपासून लागणार.

सुनीती आज बाळाला घेऊन प्रसूतिगृहातून घरी आली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली, आणि दिवस भरायच्या दीड महिना आधीच मोकळी झाली. नातू पंधरा दिवसांचा आहे, वजन तीन पौंड चौदा औंस. तिथे वीज सारखी जाते, मग काचेची पेटीही थंड पडते, त्यापेक्षा घरी नेऊन उबेत ठेवा, असं डॉक्टर सान्याल म्हणाले. मूल गार पडलं की दूध ओढणार नाही, आणि दूध ओढलं नाही की... पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आता ऊब आणायची कुठून? खिदिरपूरचं हे आमचं तळमजल्याचं घर, भिंतींना बारा महिने ओल. विजेचा हीटर आहे, पण वीज जाते ती चार-चार तास येत नाही. रॉकेलसाठी रांगा. रबरी पिशव्या तासाभरात गार. माझ्या बायकोनं, नलिनीनं, सकाळपासून आठ वेळा पाणी तापवलं आणि शेवटी मटकन खाली बसली. मी म्हटलं, ऊठ, मी शेगडी करतो. तीस वर्षं मी गार्डन रीचच्या कारखान्यात बॉयलर पेटते ठेवलेत, वीतभर नातवाला उबेत ठेवता येत नसेल तर मला फोरमन कशाला म्हणायचं?

५ जानेवारी, शनिवार

शेगडी तयार. स्वतःच्या हातानं केली, कुणाला बोट लावू दिलं नाही. तेलाच्या पिंपाचा खालचा अर्धा भाग, आत लोखंडी जाळी, जाळीखाली राखेचा खण, वर पत्र्याचं मोठं नरसाळं. नरसाळ्यात गुल भरायचे. गुल म्हणजे कोळशाची भुकटी आणि माती कालवून वळलेले गोळे, कलकत्त्यात घरोघर जळतात. खालचे जळून गेले की वरचे आपोआप उतरतात. एकदा भरली की सहा तास बघायला नको. धूर जायला तीन इंची नळी, ती खिडकीच्या वरच्या तावदानातून बाहेर काढली आहे. नळीत झडप बसवली, नाहीतर खोलीची सगळी ऊब गंगेवर जायची.

नलिनीनं तिच्या बाजूनं खोली बंद केली. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हे तिच्या आईचं आणि आजीचं. खिडकीच्या फटींत माझ्या जुन्या धोतराच्या चिंध्या, दाराच्या उंबऱ्याशी गोणपाट, सुनीतीच्या कानांना फडकं. एरवी तिच्या असल्या गोष्टींची मी टर उडवतो, पण आज म्हटलं शाबास, आम्हीही बॉयलरला बाहेरून गुंडाळतोच. संसारात पहिल्यांदाच आमचं दोघांचं शास्त्र जुळलं.

चार वाजता पेटवली. पाऊण तासात खोली अशी झाली की मला बंडी काढावी लागली. धुराचा मागमूस नाही. सुनीती बाळाला पोटाशी घेऊन पडली होती, म्हणाली, "छान झालीय, बाबा." मला काय वाटलं ते लिहीत नाही.

सात वाजता विझली.

६ जानेवारी, रविवार

दिवसभरात चार वेळा विझली. कारण सापडलं. गुल ओले होते. हल्ली पहाटे नदीवरून धुकं येतं आणि दुकानदार गुल उघड्यावर ठेवतो. आतला गोळा नुसता धुमसतो. आता गच्चीवर उन्हात वाळवूनच घालायचे.

शेगडी विझली की मला रात्रभर उठून बघावं लागतं, म्हणून मी खोलीच्या दाराशीच अंथरूण टाकलंय. दार माझ्या पाठीनं अर्धवट उघडं राहतं, त्यावरून नलिनी कुरकुरते. बाळाचे पाय सकाळी गार लागले. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

९ जानेवारी, बुधवार

वाळलेले गुल घालूनही विझली. आज रजा टाकून शेगडीसमोर ठाण मांडून बसलो. नरसाळ्यात गोळे एकमेकांत अडकतात आणि कमान धरून बसतात. खाली आग भुकेली, वर माल शिल्लक. काठीनं ढोसलं की धडधड खाली. म्हणजे दोष आकाराचा. बाजारचे गुल हाताला येतील तसे वळलेले, एक लिंबाएवढा तर एक पेरूएवढा.

मानदाला कामाला लावलं. मानदा म्हणजे बाळंतिणीचं करायला ठेवलेली बाई, बेहालाहून येते. पन्नाशीची विधवा, तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलणारी. मी तिला एक गोळा वळून दाखवला, सुपारीहून जरा मोठा, सगळे असेच पाहिजेत म्हटलं. दुपारपर्यंत तिनं गच्चीभर गोळे मांडले, सगळे एका मापाचे. माझ्या हाताखालच्या फिटरना एवढं साधत नाही.

खाली आली तेव्हा तिनं शेगडीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "बाबू, बंद घरे आगुन राखते नेई." बंद खोलीत आग ठेवू नये म्हणे. हे लोक चुली रस्त्यावर आणून पेटवतात, धूर गेला की घरात नेतात, त्यामुळे आगीला भितात. मी तिला नळी दाखवली, धूर इथून जातो, बघ, आत वास तरी येतो का? तिनं मान डोलावली. पटलं असावं.

१० जानेवारी, गुरुवार

आज दहा ते एक अखंड पेटली. तीन तास! झडप पाऊण बंद केल्यावर ऊब किती जास्त टिकते, हे बघून मी स्वतःच चाट पडलो. पुष्कळांना हे कळत नाही, आग मोठी करत बसतात. आग मोठी नको, नळीची ओढ कमी पाहिजे.

आणखी एक फायदा. खोलीतले डास नाहीसे झालेत. हिवाळ्यात खिदिरपूरला डास नाहीत हे कुणी ऐकलंय का? नलिनी म्हणते सुनीतीच्या गालांवर पण रंग आलाय, आजारी माणसासारखी पांढरी पडली होती, आता बघा कशी गुलाबी दिसते. डिंकाचे लाडू लागू पडले. डोकं दुखतं म्हणते खरी, आणि अळिवाची खीर उलटून पडली, पण बाळंतिणीला काही ना काही होतंच. बाळ शांत आहे. इतकं शांत की दुधाला उठवावं लागतं.

एकला मी कामावर गेलो. संध्याकाळी परत आलो तर शेगडी गार.

त्यात बाळ जागं आणि ओरडून ओरडून दूध पीत होतं. योगायोग.

१२ जानेवारी, शनिवार

वहीत मागे जाऊन बघितलं. सकाळी मी घरात असतो, शेगडी पेटते. रात्री मी दाराशी असतो, एखाददुसऱ्या वेळी मंदावते पण पेटते. विझते ती दुपारी, मी नसताना, एक ते तीनच्या मध्ये. सलग तीन दिवस. बॉयलर माणूस बघून विझत नाही. मग हे काय?

डॉक्टर सकाळी येऊन गेले. वजन तीन पौंड तेरा औंस. एक औंस उतरलं. ते म्हणाले, "दिगंबरबाबू, बच्चा को गरम रखना, सुस्त है." सुस्त आहे, नीट ओढत नाही. त्यांच्यासाठी नलिनीनं दार सताड उघडलं होतं आणि शेगडी तेव्हा नुकतीच राख काढून रिकामी केली होती, त्यामुळे माझं काम त्यांना दाखवता आलं नाही.

एक औंस! जेवण गेलं नाही मला. दुपारी शेगडी विझते, मूल गार पडतं, म्हणून उतरतंय. दुसरं काय कारण असणार? माझ्या दुपारच्या त्या दोन तासांवर या मुलाचा जीव टांगलाय, आणि मी तिकडे लोकांचे बॉयलर सांभाळतोय.

१३ जानेवारी, रविवार

आज मला कळलं आणि माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाही.

काल दुपारी विझलेली शेगडी मी आज सकाळी उपसली. राखेचा खण काढला तर तळाला चिखल. कोरडी राख नाही, चिखल. कुणीतरी वरून पाणी ओतलं होतं. आठ दिवस मी गुल बदलतोय, जाळी बदलतोय, झडप बदलतोय, आणि घरातलं माणूस तांब्याभर पाणी ओतून मोकळं!

राखेचा खण हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. नलिनीला काही ठाऊक नव्हतं, तिचं तोंडच सांगत होतं. मग खोलीत गेलो. सुनीती उशीला टेकून बसली होती, मानदा तिचे पाय दाबत होती. मी विचारलं, हे कुणी केलं? आवाज चढला असेल. चढलाच. सुनीतीचा चेहरा पडला, काहीतरी म्हणायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात मानदा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हम दिया, बाबू."

का, म्हणून विचारलं तर गप्प. मी वाट्टेल ते बोललो. माझ्या नातवाच्या जिवावर उठलीस, म्हणालो. ती ऐकून घेत होती, मान वर करून. मग तिनं सुनीतीच्या पायांवर पांघरूण नीट केलं, आपली पिशवी घेतली आणि निघून गेली. पायरीवर थांबून नलिनीला काहीतरी म्हणाली. नलिनीला बंगाली धड कळत नाही. खिडकीचं काहीतरी म्हणत होती, एवढंच तिनं सांगितलं.

सुनीती दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडत असावी. मानदाचा लळा लागला होता तिला. बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं, म्हणून नलिनी मला बोलली. मी म्हटलं, दूध आटेल ते परवडलं, पण नातू गार पडायला नको.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. नलिनीनं तिळाच्या वड्या केल्या, सुनीतीनं एक तोंडात धरली आणि ठेवून दिली.

मी शेगडीला चारी बाजूंनी जाड जाळीचा पिंजरा केला आणि पुढच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्या जानव्याला. नरसाळ्यालाही झाकण ठोकलं. आता कुणाची माया नको आणि कुणाचं पाणी नको. झडपेचं टोक तेवढं बाहेर ठेवलं होतं, तेही तारेनं आवळून टाकलं, पाऊण बंद.

सुनीती बघत होती. तिनं विचारलं, मला उघडायची झाली तर? मी म्हटलं, तुला कशाला उघडायला हवी? तू आराम कर. त्यावर तिनं बाळाला जवळ ओढून घेतलं. शहाणी मुलगी आहे. लहानपणापासून कधी उलट बोलली नाही.

सकाळी सातला पेटवली. संध्याकाळी सहाला पेटती आहे. अकरा तास! मी घरी असल्यामुळे सारखा आत-बाहेर करत होतो, पण शेगडीला हात लावावा लागला नाही. उद्या कामावर जाताना भरून जाईन, आल्यावर बघेन. नलिनीला बजावलंय, आपण सारखं दार उघडतो त्यानं ऊब जाते, उद्या दार लावून घे आणि त्या दोघांना झोपू दे.

१८ जानेवारी, शुक्रवार

तीन दिवस वही उघडली नाही, आज उघडली. लिहिलंच पाहिजे.

मंगळवारी दुपारी मला कामात लक्ष लागेना. शेगडी चालू आहे की नाही, एवढंच डोक्यात. शेवटी दोन वाजता साहेबाला पोटात दुखतंय सांगून सटकलो. नातवासाठी नाही आलो मी. शेगडीसाठी आलो. हे मला कुणी विचारलं नाही, पण खरं तेच आहे.

घरात सामसूम. नलिनी गच्चीवर गुल वळत बसली होती, मानदा नव्हती ना. मी गोणपाट पायानं सारून दार उघडलं. पहिल्यांदा शेगडीकडे बघितलं. आग लालबुंद, एकसारखी, जशी पाहिजे तशी. सात तास झाले होते. मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, "सुनीती, बघ."

ती बोलली नाही. झोपलीय म्हणून मी तिकडे वळलो. ती खाटेवर नव्हती. खाट आणि खिडकी यांच्या मध्ये, जमिनीवर पालथी होती. एक हात वर खिडकीच्या कडेला, बोटांत माझ्या धोतराची चिंधी. बाळ खाटेवर, गाल गुलाबी, ओठ लाल, आणि मान सुतासारखी.

मला कळलं. त्या क्षणी सगळं कळलं. बॉयलरच्या भट्टीत माणूस उतरवायच्या आधी तासभर दारं सताड उघडी ठेवायला लावणारा मी. दिवा आत सोडून बघणारा मी. कोळशाच्या गॅसला वास नसतो, रंग नसतो, पहिल्यांदा डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते, हे मी शंभर पोरांना शिकवलंय. इथे ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी वहीत उतरवून घेत होतो.

बाळाला उचलून अंगणात पळालो आणि तुळशीपाशी उघड्या फरशीवर ठेवलं, त्या गारठ्यात, ज्याला मी दहा दिवस भीत होतो. परत आत गेलो. सुनीतीला बगलेत धरून ओढलं. मला दारं दोन दिसत होती. तिची टाच उंबऱ्यावर सोलवटली. नलिनी गच्चीवरून धावत आली, हात कोपरापर्यंत काळे, तिनं तसंच बाळाला उचललं, त्याच्या पाठीवर चोळलं, तोंडात फुंकर घातली. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग ते बारीकसं शिंकलं. रडायला त्याला आणखी बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघू शकलो नाही.

शेजारच्यांनी टॅक्सी आणली. इस्पितळात दोघांना प्राणवायू लावला. सुनीती संध्याकाळी शुद्धीवर आली. आणखी वीस मिनिटं उशीर झाला असता तर, असं तिथला डॉक्टर म्हणाला. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं. ऐकायला पाहिजेच होतं.

चारुदत्तला, आमच्या जावयाला, पाटण्याला तार केली. त्याला तोंड कसं दाखवू?

२० जानेवारी, रविवार

दोघं घरी आली. वजन तीन पौंड अकरा औंस. सुनीतीला चक्कर येते, पण डोकं शाबूत आहे. चारुदत्तला रजा शुक्रवारची मिळाली.

शेगडी मी बुधवारीच घणानं फोडून भंगारात दिली. खिडकीतल्या चिंध्या नलिनीनं उपसल्या, एकेक. तिचं म्हणणं की तिनं खोली कोंडली म्हणून झालं, माझं म्हणणं मी झडप आवळली म्हणून झालं. दोन्ही खरं आहे.

दुपारी मी सुनीतीपाशी बसलो. म्हटलं, मानदाला सगळं कळत होतं, तिनं पाणी ओतून तुमचा जीव वाचवला आणि मी तिला हाकललं. तिची माफी मागायला उद्या जातो.

सुनीती पांघरुणाचा दोरा ओढत होती. मग म्हणाली, "पाणी मी ओतत होते, बाबा."

मी म्हटलं, तू?

शेगडी लागली की तिचं डोकं फुटायचं, बाळ मलूल व्हायचं. विझवली की दोघांना बरं वाटायचं. का ते तिला ठाऊक नव्हतं. मानदानं सांगितलं होतं की आग आणि बंद खिडकी वाईट, दोघी मिळून दुपारी खिडकी थोडी उघडायच्या आणि शेगडीत तांब्या ओतायच्या. रविवारी मी ओरडत आलो तेव्हा ती कबूल करणारच होती, पण मानदानं मधे उडी घेतली. मालक बाळंतिणीवर ओरडला तर तिचं दूध जाईल, माझ्यावर ओरडला तर काय जाणार, असं तिनं जाताना पांघरूण नीट करता करता कानात सांगितलं म्हणे. मंगळवारी मी पिंजऱ्याला कुलूप लावून गेल्यावर सुनीतीनं आधी खिडकीच धरली होती. चिंध्या ओढता ओढता पडली.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेनं केली होती. आणि तुमचं चुकतंय असं या घरात कुणी कधी तुम्हाला सांगितलंय का, बाबा? कसं सांगायचं तेच ठाऊक नव्हतं."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. साधं, माहिती द्यावी तसं म्हणाली. मी उठून अंगणात गेलो आणि रडलो. पंचावन्नाव्या वर्षी, नळाशी, धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून. माझ्या मुलीला मरण सोपं वाटलं, पण बापाला सांगणं नाही.

२१ जानेवारी, सोमवार

बेहालाला मानदाचं घर शोधायला दीड तास गेला. लेथच्या कारखान्यामागे एक बोळ, तिथे सहा खोल्या, शेवटची तिची. दारात बसून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही. आधी बाळाचं विचारलं. मी सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या बंगालीत, काही न लपवता. ऐकता ऐकता तिनं सूप खाली ठेवलं.

मी माफी मागितली. ती म्हणाली, ते राहू द्या, आता मूल गरम कसं ठेवणार ते सांगा. मला सांगता आलं नाही. मी, बॉयलर फोरमन, तिच्या दारात उकिडवा बसलो.

मग तिनं सांगितलं. तिची धाकटी मुलगी सातव्या महिन्यात झाली होती, पौष महिना, कुडाचं घर. तिच्यासाठी शेकोटी पेटवावी लागली नाही. उघड्या छातीला उघडं मूल लावायचं, वरून रजई, आणि माणसं आळीपाळीनं बदलायची. आई, आजी, मावशी, बाप. दिवसा ऊन. माणूस थंड पडत नाही, विझत नाही. ती मुलगी आज दोन पोरांची आई आहे.

येईन, म्हणाली, पण एका अटीवर. घरात तीन मोठी माणसं आहेत, तिघांनी पाळ्या वाटून घ्यायच्या. तुमचीपण, बाबू. मी एकटी करणार नाही.

२३ जानेवारी, बुधवार

मानदा काल सकाळपासून येतेय. पाळ्या ठरल्या. सुनीती दूध पाजण्याच्या वेळा आणि त्यामागचा तास, बाकी मानदा आणि नलिनी. मी अजून हात लावला नाही. कारखान्यातून उशीर झाला, सर्दी आहे, असं काहीबाही सांगतो. खरं म्हणजे मला भीती वाटते. या हातांनी कुलूप घातलं होतं.

मानदा माझ्याकडे बघते आणि बाळ नलिनीकडे देते.

२७ जानेवारी, रविवार

परवा रात्रीच्या गाडीनं चारुदत्त आला. मी त्याला सगळं सांगितलं, बसायच्या आधी. तो चांगला मुलगा आहे, त्यानं मला काही ऐकवलं नाही, पण दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. बरोबर आहे त्याचं. तो काल सकाळभर बाळाला उराशी घेऊन गच्चीवर बसला होता, डोळे मिटून.

आज त्याला स्टेशनवर सोडून आलो तर मानदा दारात उभी. अकरा ते एक, तुमची पाळी. सर्दी वगैरे तिनं ऐकून घेतली नाही. गच्चीवर उन्हात खुर्ची मांडलेली, रजई तयार, सुनीती बाळाला घेऊन शेजारी चटईवर. नलिनी जिन्यात कडेला उभी राहून बघत होती.

मी अंघोळ करून आलो होतो, सदरा काढला. सुनीतीनं बाळ माझ्या छातीवर ठेवलं. चिमणीएवढं वजन, पण नखं लागतात. मी हलायचा बंद झालो. दोन्ही हातांनी घट्ट धरलं, रजई मानेपर्यंत ओढून वर नीट खोचली, कुठून फट राहू नये म्हणून, आणि श्वास धरून बसलो.

सुनीती बघत होती. मग म्हणाली, "असं नाही, बाबा. चुकतंय तुमचं."

जिन्यातली नलिनी दचकली. मानदानं वर बघितलं. मी सुनीतीकडे बघितलं. तीही घाबरली होती, ओठ आवळलेले, पण तिनं नजर खाली नेली नाही.

मी म्हटलं, "मग कसं ते सांग."

ती पुढे सरकली. माझी बोटं एकेक करून सैल केली, एक हात त्याच्या बुडाखाली नेला, दुसरा पाठीवर नुसता टेकवला. वरची रजई खाली ओढून त्याचं नाक मोकळं केलं. त्याला हवा लागते, म्हणाली. आणि तुम्ही श्वास घ्या, तुम्ही घेतलात की तोही घेतो. मी घेतला. खरंच त्यानंही घेतला. आणखी काही चुकतंय का, विचारलं. ती म्हणाली, हो, मिशा टोचतायत त्याला, मान जरा वर करा.

मी मान वर केली आणि दोन तास तशीच ठेवली. एक वाजता मानदानं घेतलं तेव्हा बाळ घामेजलं होतं. संध्याकाळी डॉक्टर आले, वजन तीन पौंड पंधरा औंस. उद्या सकाळी मिशा काढून टाकणार आहे.